गट चार : काही नाही

दहिवेलच्या अलीकडे सुरतेचा रस्ता सोडला
की डाव्या हाताला आश्रमशाळा, आणि तिच्या मागे
हे टेकाड. मुरूम, नुसता मुरूम.
खड्डे घेताना पहिल्याच दिवशी
पहारीखालून ठिणगी उडाली,
तेव्हा खुमसिंग म्हणाला, साहेब,
सरपण लावायचं कशाला,
जमीनच पेटतेय की.

नकाशा माझा होता.
चार गट, प्रत्येकात सुबाभळीची ऐंशी रोपं,
दीड मीटरवर एक.
गट एकला सुपर फॉस्फेट, मुठीनं नव्हे, मापानं.
दोनला शेणखत.
तीनला दोन्ही.
चारला काही नाही.

काही नाही, हे लिहायलाही रकाना लागतो.
जेवलेल्याचं पोट किती भरलं
ते कळायला
पंगतीत एक उपाशी बसवावा लागतो.
मी असंच शिकलो होतो.

सुपडाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायची.
दोनशे पोरांच्या भाकरी, तीन चुली,
कोपरापर्यंत पीठ.
"झाडले उपाशी ठेवानं
आन् वहीमा लिखानं,
हाई कोनतं शिक्षन शे भाऊ?"
मी हसलो. टेप गुंडाळून खिशात ठेवला.

दुसरा पावसाळा सरल्यावर
छातीच्या उंचीला घेर घेतले.
एक : अकरा सेंटिमीटर.
दोन : साडेनऊ.
तीन : चौदा.
चार : साडेबारा.
पुन्हा मोजलं. खुमसिंगकडून मोजून घेतलं.
टेपच बदलून पाहिला.
काही-नाहीचा घेर साडेबारा.

मग खाली वाकलो.
प्रत्येक बुंध्याभोवती एक करडं कडं,
पावसानं दाबून बसवलेलं.
त्यात कोळशाचे दाणे,
आणि कुठल्यातरी खोक्याच्या फळीसोबत
चुलीत गेलेला, गंजलेला एक खिळा.

ती काही लपवत नव्हती.
तिन्हीसांजेला सुपात राख घेऊन वर चढायची
आणि पाखडायची,
ज्वारी पाखडतात तशी, वारा बघून.
सूप तर तिच्या नावातच होतं.
तिच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून
जन्मताच तिला सुपात घालून
उकिरड्यावर ठेवली होती आईनं,
आणि शेजारणीनं उचलून परत दिली होती
ओंजळभर दाण्यांवर.
उकिरड्याला लागलेलं जीव धरतं
हे तिला कुणी प्रयोग करून
दाखवायची गरज नव्हती.

तरी मी वाद घातला.
म्हणालो, बाई, राखेत पालाश असतं,
स्फुरद थोडं, चुना भरपूर.
नत्र नसतं. ते धुरावाटे निघून जातं.
सुबाभूळ हवेतून ओढते थोडंफार, मान्य,
पण एवढं?

ती इतकी हसली की सूप कलंडलं.
"पोरं सकायमा कोठे जातस,
तुले काय वाटस?"

दोनशे पोरं.
पहाट.
संडासांना पाणी नाही.
आणि माझ्या नकाशात नसलेली एक पायवाट,
वस्तीगृहाच्या मागच्या दारातून
सरळ गट चारमध्ये.

जिल्ह्याला अहवाल गेला तो तीन गटांचा.
चौथ्यासमोर लिहिलं : नोंद बाधित.
लिहीत होतो तेव्हा खालून
भाकरी भाजल्याचा वास येत होता,
आणि दुपारचं जेवण मीही तिथंच केलं.

तोडणी झाली. खोडं तेवढी खाली नेली,
पाला, शेंडे, बारीक फांद्या जागच्या जागी पसरून दिल्या.
एवढं एक माझं ऐकलं गेलं.
काट्यावर गट तीन पुढं निघाला,
पण छाती काढून सांगावं इतका नाही.
महिन्याभरात बुंध्यांना फुटवे आले,
चारच्या बुंध्यांनाही, कुणाला न विचारता.

गेल्या आठवड्यात खुमसिंगच्या हाती निरोप आला,
संडासांना पाणी आलंय.
सुपडाबाई विचारते,
भाऊ, आते चारनं कसं?

वही उघडून बसलोय.
रकाना रिकामाच आहे.